सहनशीलतेची हद्द कुठे? : वाळीत टाकण्याची गोष्ट

(या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना नावं आणि सनावळ्या निसटतात, त्या इथे निवांत बघता येतील.)

आजचा विषय जरा वादाचा आहे. समाजाने किती सहन करायचं? कुठपर्यंत ‘जाऊ दे’ म्हणायचं आणि कुठे ‘आता बास’ म्हणायचं?

हा विषय निघाला की एक चित्र हमखास फॉरवर्ड होतं. कार्ल पॉपर नावाचे तत्त्वज्ञ, त्यांचा ‘सहिष्णुतेचा विरोधाभास’, आणि खाली तात्पर्य: असहिष्णू लोकांना सहन करू नका. पॉपर यांनी हे १९४५ साली ‘द ओपन सोसायटी अँड इट्स एनिमीज’ या पुस्तकाच्या एका टिपेत लिहिलं. त्याच टिपेत त्यांनी असंही म्हटलंय, की समोरच्याला युक्तिवादाने उत्तर देता येतंय तोवर त्याचं तोंड बंद करणं शहाणपणाचं नाही. हे वाक्य त्या चित्रात सहसा येत नाही. आणि खरी पंचाईत पुढेच आहे. असहिष्णू कोण, असं विचारलं तर प्रत्येकाचं बोट समोरच्याकडे. मग हद्द ठरवायची कशी?

मला वाटतं, याचं उत्तर शोधायला युरोपात जायची गरज नाही. आपल्याकडे एक जुनी, फार शांत दिसणारी शिक्षा होती. अजूनही आहे. वाळीत टाकणं. आज त्याच धाग्याने सव्वाशे वर्षं फिरून येऊ.

पंचहौदचा चहा

सन १८९०, ऑक्टोबर महिना, पुणे. गुरुवार पेठेत पंचहौद मिशन आहे. तिथल्या पवित्र नाम देवालयाचा उंच मनोरा आजही लांबून दिसतो. या मिशनमध्ये शहरातल्या काही प्रतिष्ठित मंडळींना बोलावणं गेलं. व्याख्यान झालं आणि मग चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांमध्ये कोण होतं? महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ कृष्ण गोखले. एरवी एकमेकांशी कडाडून भांडणारी माणसं एकाच ठिकाणी! काहींनी चहा घेतला. काहींनी यजमानांचा मान राखायचा म्हणून कप नुसता हातात धरला आणि खाली ठेवला.

हा सगळा बेत गोपाळराव जोशींचा होता असं मानलं जातं. गोपाळराव म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींचे यजमान. गृहस्थ विक्षिप्तच. हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या पत्रात छापून आली आणि पुण्यात एकच खळबळ उडाली. ब्राह्मणांनी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातचा चहा प्यायला!

मग ग्रामण्य उभं राहिलं. हा शब्द आज कुणी वापरत नाही. ग्रामण्य म्हणजे जातीने एकत्र बसून एखाद्याच्या वागण्याचा निवाडा करणं आणि त्याला जातीबाहेर ठेवणं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. त्यांनी नेमलेल्या मंडळापुढे १८९२ मध्ये चौकशी झाली. टिळकांनी तिथे धर्मशास्त्राचेच आधार देऊन वाद घातला आणि आपण काशीला प्रायश्चित्त घेतलंय, असंही सांगितलं. रानड्यांनी पुढे मित्रांच्या घरच्या अडचणी पाहून त्यांच्याबरोबर प्रायश्चित्त घेतलं. त्यावरून सुधारक मंडळी त्यांच्यावर नाराज झाली. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात हा प्रसंग लिहून ठेवलाय.

आता यातली विसंगती बघा. १८९३ मध्ये, म्हणजे पुढच्याच वर्षी, हेच रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. सरकार दरबारी एवढा मान असलेला माणूस एका कपभर चहापुढे नमला. का? त्यांच्यावर कुणी काठी उगारली नव्हती. पण ग्रामण्याचा अर्थ होता, की घरच्या कार्याला भटजी येणार नाही, आचारी मिळणार नाही, पंगतीत पान मांडलं जाणार नाही, मुलामुलींची लग्नं जमणार नाहीत. एकटा माणूस हे सोसेलही. पण त्याच्यामुळे आई, बायको, बहीण, मित्र सगळेच त्यात ओढले जातात.

मुरूडचा ठराव

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट कोकणातली आहे. दापोली तालुक्यातलं मुरूड हे धोंडो केशव कर्व्यांचं गाव. पुढे महर्षी कर्वे म्हणून ओळखले गेले तेच. गावाचं भलं व्हावं म्हणून त्यांनी ‘मुरूड फंड’ सुरू करण्यात पुढाकार घेतला होता. म्हणजे गावाला ते काही परके नव्हते.

११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी पुण्यात गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई विधवा होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. लग्नानंतर मुरूडच्या मंडळींनी बैठक घेऊन ठराव केले. कर्वे ज्या सभेत असतील तिथे गावच्या कुणी बसायचं नाही. आणि ते आपल्या घरी राहायला आले, तर घरच्यांनाही वाळीत टाकायचं.

या दुसऱ्या ठरावापाशी जरा थांबू या. तो कर्व्यांना शिक्षा करत नाही. कर्वे पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवतायत. शिक्षा होतेय ती घरच्यांना, आणि तीही आपल्या माणसाला घरात घेतलं म्हणून. गावाने आईच्या हातात कुलूप दिलं आणि म्हटलं, तूच दार लाव.

मला वाळीत टाकण्याचं खरं मर्म इथे दिसतं. ज्यांना तुमचा राग आहे, अशा चार-पाच माणसांवर ही शिक्षा चालत नाही. ती चालते ज्यांचं तुमच्याशी काहीच वाकडं नाही अशा माणसांवर. भटजीला दक्षिणा हवी असते, वाण्याला गिऱ्हाईक हवं असतं, शेजारणीला तुमच्या आईशी दोन शब्द बोलायचे असतात. पण आपण बोललो तर उद्या आपली पाळी, ही भीती त्यांना असते. या तिसऱ्या माणसाला घाबरवल्याशिवाय बहिष्कार एक दिवस टिकत नाही.

‘बहिष्कृत’

आत्तापर्यंतच्या दोन्ही गोष्टींतली माणसं उच्चवर्णीय होती. त्यांच्यापाशी प्रायश्चित्त घेऊन परत येण्याची वाट होती. ज्यांना परत यायला वाटच नव्हती त्यांचं काय?

मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुल्या कराव्यात, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचं जाहीरही केलं. कागदावर सगळं ठीक. पण तळ्यावर कुणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक चालत गेले आणि ते पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ले झाले. तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. हक्क कोर्टातून पक्का व्हायला १९३७ साल उजाडलं.

महाडनंतर थोड्याच दिवसांत, एप्रिल १९२७ मध्ये, बाबासाहेबांनी पाक्षिक सुरू केलं. त्याचं नाव ‘बहिष्कृत भारत’. त्याआधी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचं नाव ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’. हा शब्द त्यांनी उगाच निवडला नव्हता.

मुंबई सरकारने १९२८ मध्ये स्टार्ट नावाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. बाबासाहेब त्या समितीवर होते. १९३० च्या अहवालात समितीने लिहिलं, की गावातला अस्पृश्य मानलेला माणूस रोजीरोटीसाठी गावातल्या जमीनदारांवर अवलंबून असतो, आणि त्याने कायद्याने मिळालेला हक्क वापरायचं ठरवलं की बहिष्काराचं हत्यार उपसलं जातं. रस्ता बंद, दुकानातला माल बंद, पाणी बंद. आणि कारणं काय? कुणी जमिनीचा तुकडा विकत घेतला. कुणी चांगले कपडे घातले, दागिने घातले. कुणी नवरदेवाची वरात घोड्यावरून सार्वजनिक रस्त्याने काढली.

हे वाचून ‘त्या काळात असं होतं’ म्हणावंसं वाटतं. घोड्यावरच्या वरातीची बातमी तुम्ही शेवटची कधी वाचली, ते आठवून बघा.

मग बहिष्कार नेहमीच वाईट का?

तुमच्यातला एखादा हुशार श्रोता म्हणेल, बहिष्कार तर स्वातंत्र्यलढ्यातलं आपलं शस्त्र होतं! बरोबर आहे. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण, स्वराज्य ही चतुःसूत्री टिळकांनी घरोघरी पोचवली. ज्यांच्यावर चहापायी ग्रामण्य आलं होतं, तेच टिळक.

पण दोन्हींत फरक आहे. मी मँचेस्टरचं कापड घेणार नाही, हा माझा निर्णय. तो मी माझ्या खिशातून पाळतो आणि ज्याच्या विरोधात पाळतो तो माझ्याहून बलवान असतो. पण माझ्या गल्लीतला गरीब दुकानदार विलायती कापड विकतो, म्हणून त्याच्याकडे धोबी आणि न्हावी जाऊ नये असं मी ठरवलं, की मी पुन्हा मुरूडच्या बैठकीत जाऊन बसतो. स्वदेशीच्या काळात बंगालमध्ये असे प्रकार झालेसुद्धा. रवींद्रनाथ टागोर त्या चळवळीपासून दूर झाले, त्यामागे हे एक कारण होतं. त्यांची १९१६ ची ‘घरे बाइरे’ ही कादंबरी याच अस्वस्थतेतून आली.

ही रेघ कायद्याच्या भाषेत कुणी ओढली असेल, तर ती बाबासाहेबांनी. गोलमेज परिषदेपुढे ठेवलेल्या योजनेत सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशी मागणी त्यांनी केली होती. मसुद्याचा साचा घेतला तो ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा. ब्रिटिशांच्याच राजवटीतल्या कायद्याचा साचा त्यांनी गावकुसाबाहेरच्या माणसासाठी वापरला. १९४७ मध्ये संविधान सभेसाठी लिहिलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनातही ही मागणी आहे. बहिष्कार टाकणं, त्याला चिथावणी देणं आणि त्याची धमकी देणं, तिन्ही गुन्हे.

आणि याला एक अपवाद जोडलाय. आरोपीने कुणाच्या चिथावणीवरून, कुणाशी संगनमत करून किंवा एकत्र येऊन ठरवलेल्या बेतानुसार हे केलेलं नसेल, तर तो गुन्हा नाही. किती बारीक विचार आहे बघा! तुम्हाला एखादा माणूस आवडत नाही, त्याची मतं पटत नाहीत, त्याला घरी बोलवायचं नाही? नका बोलवू. तुमचं स्वातंत्र्य आहे. पण चार जणांनी बसून ‘त्याच्याशी कुणीच बोलायचं नाही’ असं ठरवलं, की ते तुमचं मत राहत नाही. ती सत्ता होते.

सगळ्यात अवघड प्रकरण

इथपर्यंत मान डोलावणं सोपं आहे. आता अवघड भाग.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये एक कायदा केला. कुठल्याही समाजाने आपल्या सदस्याला बहिष्कृत करणं बेकायदा. दाऊदी बोहरा समाजाचे तेव्हाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन या कायद्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं साधारण असं, की धर्माची शिस्त राखायला बहिष्काराचा अधिकार लागतो आणि आपल्या धार्मिक बाबी स्वतः चालवायचं स्वातंत्र्य संविधानाच्या २६ व्या कलमाने प्रत्येक पंथाला दिलंय.

जानेवारी १९६२ मध्ये निकाल लागला. चार विरुद्ध एक. बहुमताने कायदा रद्द झाला. विरोधात मत देणारे होते खुद्द सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा. बहिष्कृत माणसाचे नागरी हक्क हिरावले जातात, तो आपल्याच समाजात जणू अस्पृश्य होतो, आणि हे थांबवणारा कायदा ही समाजसुधारणा आहे, असा त्यांचा सूर होता.

बहुमताची बाजू मी हसण्यावारी नेणार नाही. कुठलाही पंथ, मंडळ, अगदी तुमचा ट्रेकिंगचा ग्रुप घ्या. ‘आमचे नियम न मानणारा आमचा सदस्य नाही’ एवढंही म्हणता येत नसेल, तर एकत्र येण्याला अर्थ काय? सरकार उठून प्रत्येक पंथाला सांगू लागलं, की यालाही आत घ्या, तर तीसुद्धा एक जबरदस्तीच. वेगळ्या रीतीने जगणाऱ्या गटांना जागा देणं हा सहिष्णुतेचाच भाग आहे.

पण बहिष्कृत माणसाच्या अंगावर काय येतं ते बघा. प्रार्थनास्थळ बंद, दफनभूमी बंद, आणि नातेवाइकांशी असलेले संबंध धोक्यात. सदस्यत्व काढणं वेगळं आणि सख्ख्या भावाला ‘याच्याशी बोलशील तर तूही बाहेर’ असं सांगणं वेगळं. माझ्या मते हद्द या दोहोंच्या मधोमध आहे. गटाने आपलं दार लावून घ्यावं. दुसऱ्यांच्या घरांची दारं लावायचा हक्क गटाला नाही.

हा वाद अजून मिटलेला नाही. १९६२ च्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून समाजातल्या सुधारकांनी १९८६ मध्ये अर्ज केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने हा प्रश्न नऊ जणांच्या पीठाकडे सोपवला. साठ वर्षं झाली, तरी कोर्टालाही हद्द पुन्हा आखून बघावीशी वाटते.

आपल्या काळात

जून २०१३, नाशिक. जातीबाहेर लग्न केलेल्या आणि गरोदर असलेल्या एका तरुणीचा तिच्या वडिलांनीच खून केला. त्यामागे जात पंचायतीचा दबाव असल्याचं पुढे आलं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जात पंचायतीला मूठमाती देण्याचं अभियान हाती घेतलं. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यात पुढे होते. लोक हळूहळू बोलू लागले, रायगडपासून मराठवाड्यापर्यंत वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी पुढे येऊ लागल्या. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. काम मात्र थांबलं नाही. एप्रिल २०१६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा एकमताने मंजूर केला आणि जुलै २०१७ मध्ये तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. फर्मान काढणाराच नाही, त्याला मदत करणाराही गुन्हेगार.

कायदा आला म्हणून काम संपलं का? विचार करा, साक्ष कोण देणार? शेजारीच. आणि शेजाऱ्यालाही त्याच गावात राहायचंय. म्हणजे शेवटी सगळं पुन्हा त्या तिसऱ्या माणसापाशी येऊन थांबतं. त्याची भीती कायदा थोडी कमी करू शकतो. तोंड मात्र त्याला स्वतःलाच उघडावं लागतं.

तर मंडळी, आपल्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर हे असं. मत कितीही टोकाचं असू दे, त्याच्याशी भांडा, खोडून काढा, टर उडवा, म्यूट करा. त्या माणसाशी स्वतः बोलणं बंद करायचं असेल तर करा. हे सगळं सहिष्णु समाजात बसतं. पण ‘त्याला कुणी काम देऊ नका, भाड्याने घर देऊ नका, त्याच्या दुकानात जाऊ नका, आणि जो जाईल त्याचंही नाव इथे टाका’ असा मेसेज आला, की ते मत नसतं. तो मुरूडचा ठराव असतो. फक्त आता बैठक भरवावी लागत नाही, फोनवर दोन मिनिटांत होतं. समोरचा माणूस कुठल्या जातीचा, धर्माचा, पक्षाचा आहे याने यात फरक पडत नाही. तो तुम्हाला मनापासून न आवडणारा असला तरी नाही. खरं तर तेव्हाच आपली परीक्षा असते.

आणि त्या मेसेजचा खरा पत्ता त्या माणसाचा नसतो, तुमचा असतो. तिसरे तुम्ही. तुम्ही घाबरलात तरच तो चालतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही नेहमीसारखं त्याच दुकानातून दूध आणलंत, वाटेत भेटल्यावर ‘काय काका, बरंय ना?’ म्हणालात, तर तिथेच त्याचा अर्धा जोर जातो.

तुमच्या गावात, सोसायटीत वाळीत टाकण्याची अशी एखादी जुनी हकिगत ऐकली असेल, तर घरातल्या मोठ्यांना नीट विचारून लिहून ठेवा. कोण वाळीत पडलं हे बहुतेकांना आठवतं. तेव्हा त्यांच्या घरी कोण जात राहिलं, हेही विचारा. ती नावं हरवायला नकोत.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा. नमस्कार!